सावित्रीच्या खोऱ्यातील ग्रीष्म : प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या उन्हाळी हवामानाचे स्वतंत्र निरूपण करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी उपस्थित केला तर तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. सरकारी हवामानखात्याच्या दप्तरी हा सारा मुलूख ‘कोकण व गोवा’ या एका उपविभागात जमा आहे. जिल्ह्याच्या नावाने रोज प्रसिद्ध होणारा अंदाज अलिबागची पुळण आणि पोलादपूरच्या डोंगरवाड्या यांची एकाच वाक्यात बोळवण करतो. आणि ज्याला घरातून निघताना छत्री घ्यावी की न घ्यावी एवढेच ठरवायचे असते, त्याचे तेवढ्यावर भागतेही. परंतु ज्याला आंब्याचा मोहोर राखायचा आहे, राब भाजायचा आहे, पाऊस पडण्यापूर्वी कौले चाळून घ्यायची आहेत, किंवा पहाटे कशेडी अथवा आंबेनळी घाटातून भरलेली गाडी न्यायची आहे, त्याला जिल्ह्याच्या सरासरीचा उपयोग फार थोडा. त्याच्या दृष्टीने अंदाजाचे खरे एकक जिल्हा हे नसून खोरे हे आहे, आणि खोऱ्यातही तो किती उंचीवर उभा आहे यावर त्याचे हवामान ठरते. हेच प्रतिपादन पुढील सर्व प्रकरणांच्या मुळाशी असल्याने ते आरंभीच स्पष्ट मांडलेले बरे.

या प्रदेशाची भूरचनाच अशी आहे की तेथे एकच एक हवामान नांदणे शक्य नाही. महाबळेश्वरच्या ज्या पठारावर सावित्री उगम पावते त्याची उंची तेराशे मीटरांच्या वर आहे. तिच्या शेजारीच उगम पावणाऱ्या कृष्णा, वेण्णा आणि कोयना यांचे पाणी अखेर पूर्वसमुद्रास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूरवरून महाडास येते, तेथे गांधारीला सामावून घेते आणि बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्र गाठते. महाड समुद्रसपाटीपासून थोडेच मीटर उंच; तेथून महाबळेश्वरचे सरळ अंतर पस्तीस किलोमीटरही भरत नाही, आणि पश्चिमेस समुद्र सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. भरतीचे पाणी खाडीने इतके आत येते की दासगाव हे एके काळी बंदर म्हणून नांदत होते. ज्या गावाच्या सीमेपर्यंत समुद्राचे पाणी पोहोचते पण ज्याला समुद्र दिसत नाही, आणि ज्याच्या डोक्यावर सह्याद्रीची भिंत उभी असूनही ज्याला डोंगरी म्हणता येत नाही, अशा या मधल्या स्थानाची कैफियत कोणत्याही सर्वसाधारण अंदाजात नीट बसत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येतच सापडतो. खात्याच्या संकेतानुसार अशी लाट जाहीर होण्यास कमाल तापमान सपाट प्रदेशात निदान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर निदान ३७ अंश आणि डोंगरी प्रदेशात निदान ३० अंश असावे लागते, आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीहून साडेचार अंशांनी तरी चढलेले असावे लागते. या तीन कलमांपैकी महाडास कोणते लावावे, पोलादपूरच्या बाजारपेठेस कोणते आणि प्रतापगडाच्या पायथ्याच्या वस्तीस कोणते, याचा निवाडा सोपा नाही. आसपासची वेधकेंद्रे पाहावीत तर अलिबाग आणि हर्णै ही ऐन किनाऱ्यावरची, महाबळेश्वर हे माथ्यावरचे, आणि भिरा हे याच जिल्ह्यातले परंतु उत्तरेकडच्या दुसऱ्या खोऱ्यातले, सह्याद्रीच्या तळाशी वसलेले. त्या भिऱ्यास २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली, तेव्हा समुद्रापासून इतक्या जवळच्या प्रदेशात विदर्भालाही मागे टाकणारा आकडा कसा निघाला, म्हणून देशभर आश्चर्य व्यक्त झाले.

त्या आकड्याच्या अचूकतेविषयी काहींनी शंका घेतली असली, तरी त्यामागील कारण मात्र गूढ नाही. कोरडी हवा खाली उतरू लागली म्हणजे दर शंभर मीटरांमागे ती सुमारे एका अंशाने तापते. माथ्यावर बत्तीस अंशांवर असलेली हवा पूर्वेच्या वाऱ्याबरोबर कडा उतरून कोरडीच पायथ्याला पोहोचली, तर तेराशे मीटरांच्या त्या उतरणीत तिचे तापमान पंचेचाळिसाच्या घरात जावे, हा साधा हिशेब आहे. एरवी हा हिशेब प्रत्यक्षात उतरत नाही, याचे श्रेय समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला द्यावे लागते. पहाटेपासून पूर्वेचा मतलई वारा वाहतो. जमीन तापू लागली म्हणजे तो मंदावतो, आणि किनाऱ्यावर दुपारच्या आधीच सुरू झालेला खारा वारा खाडीच्या वाटेने आत शिरत शिरत माध्यान्ह टळता महाडपर्यंत येतो. तो वेळेवर आला तर पारा सदतीस-अडतिसाला अडतो आणि घामाने जीव नकोसा होतो. पूर्वेचा वारा जोरकस असून त्याने खाऱ्या वाऱ्याला खाडीतच रोखून धरले, तर घाम वाळतो, पाने करपतात आणि पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाळ्यातील प्रत्येक दिवसाचे भवितव्य या दोन वाऱ्यांपैकी कोणाचा अंमल किती वाजेपर्यंत चालतो यावर अवलंबून आहे. म्हणून सकाळी नऊ वाजता वाऱ्याची दिशा आणि बळ पाहण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या हाती त्या दिवसाच्या अंदाजाचे अर्धे सूत्र आधीच आलेले असते.

विवेचनाच्या सोयीसाठी पुढील प्रकरणांत उन्हाळ्याचे तीन भाग कल्पिले आहेत. पहिला भाग माघ सरता सरता सुरू होतो आणि चैत्राच्या पूर्वार्धापर्यंत चालतो. हा धुक्याचा काळ. उन्हाळा आणि धुके यांची सांगड परक्या माणसास विचित्र वाटेल. परंतु दिवसा खाऱ्या वाऱ्याने आत आणून ठेवलेली वाफ, रात्रीचे निरभ्र आकाश, पडलेला वारा, आणि डोंगरउतारावर निवून जड झालेल्या हवेचे खोऱ्याच्या तळाशी उतरणे, ही चार कारणे एकत्र आली की पहाटे सावित्रीच्या पात्रालगत धुके दाटते. पूर्वेस सह्याद्रीची भिंत असल्याने सूर्याचे दर्शनही येथे उशिरा होते, आणि धुके वितळण्यास मोकळ्या मैदानापेक्षा अधिक वेळ लागतो. जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली गेल्यामुळे चुलींचा, वणव्यांचा आणि बिरवाडीकडील औद्योगिक वसाहतीचा धूरही तिच्यातच अडकून राहतो. आंब्याच्या बागाइतदाराला या दिवसांची धास्ती वाटते ती अकारण नव्हे: दमट सकाळींच्या पाठोपाठ मोहोरावर भुरी पडते, तुडतुड्यांचा उपद्रव वाढतो, आणि एका आठवड्याच्या धुक्यात वर्षाचे उत्पन्न पणाला लागते.

प्रवाशांच्या दृष्टीने मात्र एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. फाल्गुनातले धुके तळाचे असते. महाड-पोलादपूर रस्त्यावर पन्नास पावलांपलीकडचे दिसत नसताना आंबेनळी घाटाची वरची वळणे लख्ख उन्हात न्हालेली असतात. वैशाखाच्या अखेरीस हा क्रम नेमका उलटतो: पोलादपुरात स्वच्छ ऊन असते आणि समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्याला टेकल्याने वरच्या वळणांवर समोरचे वाहन दिसेनासे होते. ‘घाटात धुके’ एवढ्या त्रोटक इशाऱ्याने हा भेद कळत नाही, आणि अपघात टाळण्यास नेमका तोच कळावा लागतो.

दुसरा भाग चैत्राच्या मध्यापासून वैशाखाच्या मध्यापर्यंतचा. हा वळवाचा काळ. जमीन पुरती तापलेली, खाऱ्या वाऱ्याने आणलेली वाफ डोंगराच्या तोंडावर आदळून वर चढत असलेली, आणि उंचावर पूर्वेचा वारा कायम, अशा परिस्थितीत तिसऱ्या प्रहरी घाटमाथ्यावर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि वरच्या वाऱ्याने ढकलले जाऊन ते प्रतापगड-मकरंदगडाच्या बाजूने खाली कोकणात उतरतात. वळीव घाटावरून उतरतो आणि मोसमी पाऊस समुद्रावरून चढतो. ज्या दिवसापासून मेघ पश्चिमेकडून येऊ लागतात त्या दिवशी ऋतू पालटला असे समजण्यास हरकत नाही. वळवाचा पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. एका वाडीत गारा पडाव्यात आणि ओढ्यापलीकडच्या वाडीत धूळ उडावी, हा त्याचा स्वभावधर्म आहे. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे खात्याचे ठरीव वाक्य ऐकून ज्याच्या अंगणात थेंब पडला नाही तो अंदाजाला खोटा ठरवतो, तेव्हा दोष अंदाजाचा नसून ‘तुरळक’ या शब्दाकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा असतो.

या वादळांत पाण्यापेक्षा वारा आणि वीज अधिक घातक. ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आदळून पसरते आणि तिचा झोत पावसाच्या काही मिनिटे आधीच येऊन पोहोचतो. पत्रे उडतात ते याच झोताने, आणि नुकसानीच्या पंचनाम्यांत पहिला मान त्यांचाच असतो. वीज तर उघड्या माळावर, एकट्या झाडाखाली आणि गुराढोरांसमवेत उभ्या राहिलेल्या माणसावर विशेष पडते, आणि पोलादपूरच्या डोंगरांतील धनगरवाड्यांवरील जीवन या तिन्ही स्थितींतून रोज जात असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे साधन मोबाइलवर उपलब्ध करून दिले आहे. परंतु जेथे दूरध्वनीची लहर पोहोचत नाही तेथे कानावर पडलेली पहिली गर्जना हाच हुकूम समजून पक्क्या छपराखाली जावे, हे सांगण्यास विज्ञानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरा भाग वैशाखाच्या उत्तरार्धापासून मृग नक्षत्रापर्यंतचा. यात वाऱ्यांच्या आघाड्या बदलतात. हवेच्या आघाड्यांची उपपत्ती नॉर्वेतील बर्गेन येथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस व त्यांचे सहकारी यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मांडली. ध्रुवाकडील थंड हवा आणि दक्षिणेकडील उबदार हवा यांच्या सीमेवर वादळे जन्मतात, हा तिचा आशय. अठराव्या अक्षांशावरील आपल्या खोऱ्यात तशा आघाड्या येत नाहीत, आणि युरोपच्या नकाशातील त्या दातेरी रेषा येथे शोधू जाणे व्यर्थ होय. तथापि आपल्याकडेही दोन भिन्न प्रकृतीच्या हवांची सीमा असते. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या एका रेषेवर अरबी समुद्रावरील आणि बंगालच्या उपसागराकडील वारे परस्परांस भेटतात. ही रेषा पश्चिमेकडे सरकून घाटाजवळ आली म्हणजे आपल्याकडे वळवाचा जोर वाढतो; पूर्वेकडे हटली म्हणजे आठ-आठ दिवस मळभ आणि उकाडा यांखेरीज पदरी काही पडत नाही. मे महिन्याच्या अखेरीस ही सारी व्यवस्थाच मोडते आणि दक्षिणेकडून मोसमी वाऱ्यांची सीमा वर सरकू लागते.

ही सीमा केरळात साधारणतः १ जूनला, आणि मुंबईस ११ जूनच्या सुमारास पोहोचते. महाड-पोलादपुरास ती मुंबईच्या थोडी आधी येते. परंतु सरासरी तारीख म्हणजे वचन नव्हे. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईस इतक्या लवकर तो आल्याची नोंद तोवर नव्हती. त्या वर्षी ज्यांनी रोहिणी नक्षत्राच्या भरवशावर राब भाजण्याचे, लाकूडफाटा आत घेण्याचे आणि आमसुले वाळवण्याचे काम मागे ठेवले होते त्यांची आगोट कशी पार पडली असेल, हे सांगावयास नको. याच संधिकाळात अरबी समुद्रात चक्रीवादळे उद्भवतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धनाच्या नारळी-पोफळींच्या बागा भुईसपाट करून अंतर्भागात शिरले. पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ किनारा न ओलांडता कोकणालगतच्या समुद्रातून गुजरातेकडे गेले. पहिल्याने धडक दिली आणि दुसऱ्याने केवळ कड घासली; परंतु समुद्र दिसत नाही म्हणून आपण सुरक्षित, हा आतल्या तालुक्यांतील समज दोहोंनीही निकालात काढला.

उन्हाळ्याचे वर्णन पाण्याविना पुरे होत नाही. जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो त्याच डोंगरउतारांवरील वाड्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, हा विरोधाभास बाहेरून येणाऱ्यास अविश्वसनीय वाटतो. तीव्र उतार, मातीचा पातळ थर आणि खाली अखंड कातळ यांमुळे पावसाचे पाणी चार महिन्यांत सावित्रीवाटे समुद्रास मिळते. परंतु उन्हाळ्यातील पाण्याचा प्रश्न केवळ मेघांचा आणि कातळाचा नाही. १९२७ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस, म्हणजे याच ऋतूत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून जो हक्क बजावला, तो सार्वजनिक पाण्यावरील माणुसकीचा हक्क होता. आणि आजही टँकर कोणत्या वाडीस आधी जातो व कोणत्या वाडीस मागाहून, हे ठरविण्याचे काम हवामानशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

या विषयाची परंपरा जुनी आहे. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भधारणेपासून १९५ दिवसांनी वृष्टी होते असे गणित मांडले, पंचांगकर्ते आजही नक्षत्रांच्या वाहनांवरून पाऊसमान वर्तवितात, पावश्याची साद आणि अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या ही निरीक्षणे गावोगाव चालत आली आहेत. यांतील गणितास आज आधार नाही. निरीक्षणांत मात्र वाढत्या आर्द्रतेची चाहूल असते, आणि चाहूल म्हणून त्यांचा आदर करावा, प्रमाण म्हणून नव्हे. इंग्रजी अमदानीत १८७५ साली हवामानखाते स्थापन झाले, त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातील बर्फाच्या आधारे मोसमी पावसाचा पहिला दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला, आणि १९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ साली निघाले. मामलेदार कचेरीतील पर्जन्यमापकाच्या नोंदी जमाबंदी आणि आणेवारी यांच्याच ओघाने दप्तरी दाखल होत गेल्या. अलीकडे २०१६ पासून मार्च ते मे या उष्ण ऋतूचाही अंदाज खाते प्रसिद्ध करते.

उंचीनुसार हवा बदलते हे आपल्या पूर्वजांस आकड्यांवाचून ठाऊक होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच असलेल्या रायगडावरील हवा जिजाऊसाहेबांस मानवेना म्हणून पायथ्याशी पाचाडास त्यांच्यासाठी वाडा बांधला, अशी परंपरा आहे. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा दिवस इंग्रजांच्या तत्कालीन कालगणनेचा आहे. आजच्या गणनेने ती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी १६ जूनला येते. म्हणजे तो सोहळा मृगाचे पहिले दिवस उलटून गेल्यावर, पर्जन्यकाळात झाला. आज ६ जूनला गडावर जमणारा समुदाय ऋतुमानाने त्याहून दहा दिवस आधी, वळीव आणि मोसमी पाऊस यांच्या ऐन संधीवर तेथे असतो. माथ्यावर विजेचा धोका नेमका या दिवसांत असल्याने त्या तारखेचा बंदोबस्त करणाऱ्यांनी त्या दिवसाचा स्थानिक अंदाज वेगळा मागवून घ्यावा, हे सुचविणे येथे अनाठायी होणार नाही.

आता अंदाज वाचावा कसा, याविषयी दोन शब्द. पाच दिवसांचा अंदाज दिशा दाखवितो, दुसऱ्या दिवसाचा अंदाज तयारी करवितो, आणि तीन तासांचा इशारा कृती मागतो. यांची गल्लत करू नये. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि तांबडा म्हणजे हालचाल करा, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असावे. शिवाय जिल्ह्याचा इशारा वाचताना प्रत्येकाने आपली उंची, वाऱ्याची दिशा आणि डोंगरापासूनचे अंतर या तीन गोष्टींची त्यास स्वतः जोड द्यावी; पुढील प्रकरणांतील कोष्टके त्याच हेतूने योजिली आहेत. कोणत्या तारखेस वळीव येईल हे त्यांत सापडणार नाही. कोणत्या परिस्थितीत तो कोणत्या बाजूने येण्याचा संभव अधिक, हे सापडेल.

हा खटाटोप केवळ उन्हाळ्यापुरता नाही. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली, आणि त्याच दिवसांत महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. माथ्यावर पडलेले हे पाणी खोऱ्याच्या तळाशी काय करील, हे तळाच्या आकाशाकडे पाहून कळत नाही. वरच्या मोजमापावरून कळते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि शाळेने एक पर्जन्यमापक ठेवावा, वैशाखातील पहिल्या वळवापासून रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद करावी, आणि माथ्यावरच्या गावाने ती नोंद तळाच्या गावास कळवावी, अशी तजवीज व्हावयास हवी. उन्हाळ्यात चुकलेल्या नोंदीचे मोल फार तर भिजलेल्या पेंढ्याइतके असते, आणि हात बसण्यास याहून स्वस्त ऋतू नाही. चार मिलिमीटरांचा वळीव प्रामाणिकपणे मोजणारे गाव आषाढात चारशे मिलिमीटरांचा अर्थ ओळखील आणि रात्र पडण्यापूर्वी डोंगराच्या कुशीतून बाहेर पडेल.